चौदा-पंधराचा पाना

एकदा एक वृद्ध मिस्त्री होते आणि त्यांचा एक शिष्य होता. इथवर ऐकलं की आमचे श्रोते खुर्चीत सैलावतात. आता म्हातारा मंद हसणार, दोन गोड वाक्यं बोलणार आणि आपण घरी जाऊन जेवणार, असं त्यांनी धरलेलंच असतं. माफ करा, हे मिस्त्री मंद हसणाऱ्यांतले नव्हते. ते संतापत, आणि संतापले की आवाज रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर ऐकू जाई. मीही ही गोष्ट रागातच सांगतो आहे. कुणाचा राग, ते येईलच ओघात.

मिस्त्रींचं नाव दस्तगीर. सगळे त्यांना चाचा म्हणत. कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीच्या टोकाला त्यांचं गॅरेज होतं. पेट्रोलच्या गाड्यांना गॅसचं किट बसवणं, हे त्यांचं मुख्य काम. शिष्य धैर्यशील सव्वीस वर्षांचा, हातानं अत्यंत कुशल आणि डोक्यानं तापट. सात वर्षं तो चाचांच्या हाताखाली होता.

त्या गॅरेजची एक रीत होती. चाचांच्या पेटीत मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेला एक दुतोंडी पाना असे. एक तोंड चौदा नंबरचं, दुसरं पंधराचं. चाचांना तो त्यांच्या उस्तादांनी दिला होता. शिष्यानं एखादं अवघड काम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्यानं तडीस नेलं, की तो पाना त्याच्या हाती द्यायचा आणि तिथून पुढं त्याला मिस्त्री म्हणायचं. धैर्यशीलला आयुष्यात तूर्त दुसरं काही नको होतं. त्या फडक्याकडं तो रोज एकदा तरी बघायचाच.

एके दिवशी गुळाचे एक व्यापारी आपली जुनी पेट्रोल जीप घेऊन आले. त्यांची लेक इरावती धावपट्टीवरच्या शर्यतीत ती चालवत असे. इंजिनात बरेच फेरफार आधीच झाले होते. आता शेठजींनी नायट्रसचं किट मागवलं होतं. मागं एक बाटली बसवायची, तिथून इंजिनापर्यंत नळी आणायची, आणि ऐन मोक्याला बटण दाबलं की काही सेकंद गाडीला दुप्पट जोर येतो, अशी ती करामत. चाचांना आठ दिवस मिरजेला लेकीकडं जायचं होतं. खोक्यावर हात ठेवून ते धैर्यशीलला म्हणाले, "ह्ये तू एकट्यानं कर." या वाक्याचा अर्थ गॅरेजात सर्वांना ठाऊक होता.

आठ दिवसांनी चाचा परतले, तेव्हा शेठ आणि इरावती आधीच येऊन बसले होते. जीप नवरीसारखी उभी होती. बाटली पट्ट्यांनी घट्ट आवळलेली, नळ्या एका मापात वाकवलेल्या, वायरी काळ्या टेपमध्ये लपेटलेल्या. चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली, नळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हात चांगला बसलाय रं तुझा." शेठ हसून म्हणाले, "मग काढा की पाना बाहेर!" चाचांनी खरोखरच पेटी उघडली. फडकं सोडलं. धैर्यशीलनं हात पँटला पुसले.

तेवढ्यात चाचांची नजर टेबलावर पडलेल्या एका छोट्या लाल व्हॉल्व्हवर गेली.

"ह्यो कशाचा?"

"उरला, चाचा. किटात एक जास्तीचा आला असंल."

"आन् बटण दाबल्यावर काय व्हतंय?"

धैर्यशीलनं पाठ केलेल्या पाढ्यासारखं एका दमात सांगितलं, "गॅस चालू, पेट्रोल बंद."

चाचांनी पक्कड उचलली, जीपमध्ये वाकले आणि बटणामागच्या वायरी कटाकट तोडून टाकल्या. एक नाही, सगळ्या.

"अहो चाचा, डोकं ठिकाणावर आहे का?" शेठ ओरडले. "रविवारी शर्यत आहे!"

धैर्यशीलचा चेहरा लालबुंद झाला. "आठ दिवस जेवलो न्हाई धड! माझं काम बघवंना झालंय तुमास्नी. पाना द्यायचा न्हवता, तर तसं सांगायचं हुतं. शेठसमोर अब्रू कशाला काढली?"

चाचांनी पाना उचलला, चौदाचं तोंड टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळलं, आणि कोपऱ्यातला गॅस कटर ओढून पेटवला. लोखंड कापायचं हे हत्यार तुम्ही रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात पाहिलं असेल. त्याला दोन नळ्या असतात. एकीतून जळणारा गॅस येतो, दुसरीतून ऑक्सिजन. ज्योत पंधराच्या तोंडावर धरली. पाना आधी लाल झाला, मग पिवळा.

"चाचा! उस्तादांचा पाना हाय त्यो!" धैर्यशील पुढं धावला. चाचांनी कोपरानं त्याला मागं सारलं.

आणि मग त्यांनी गॅसची चावी साफ बंद केली. ज्योत गेली. नुसता ऑक्सिजन ठेवला आणि त्याचा खटका दाबला. क्षणात ठिणग्यांचा लोट उसळला, पंधराचं तोंड थेंबाथेंबानं गळून फरशीवर पडलं. पन्नास वर्षांचं लोखंड चार श्वासांत संपलं.

धैर्यशीलच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं.

"गॅस तर बंद केला हुता म्या," चाचा गरजले. "मग जळलं काय?"

"पाना," धैर्यशील दात आवळून म्हणाला.

"ऑक्सिजन जळतो?"

"न्हाई. त्यो जाळायला लावतो."

"ह्ये रोज करतोस. दिसातनं धा येळा लोखंड कापतोस. मग त्या जीपच्या बाटलीत काय हाय?"

धैर्यशीलनं बाटलीकडं पाहिलं, मग फरशीवरच्या काळ्या गोळ्यांकडं. "ते... जळणारं न्हाई?"

"न्हाई! इंजिनाच्या धगीत फुटतंय आन् ऑक्सिजन सोडतंय. त्यो ऑक्सिजन जास्तीचं पेट्रोल मागतोय. त्यो तुझा उरलेला व्हॉल्व्ह जास्तीच्या पेट्रोलचा हाय. बाटलीचा आन् ह्यो, दोनी संगट उघडायचं. तू जास्तीचं दिलं न्हाईसच, वर हुतं ते तोडलंस. कार्बोरेटरमधलं पेट्रोल दोन-चार सेकंद पुरलं असतं. मग आगीनं काय खाल्लं असतं? पिस्टन! हितं पंधराचं तोंड गळालं, तितं पिस्टन गळाला असता, आन् तवा ही पोरगी सव्वाशेच्या वेगात असती."

इरावती इतका वेळ टेबलाशी उभी होती. खोक्यातला माहितीचा कागद तिच्या हातात होता, घडीही न मोडलेला. ती शांतपणे म्हणाली, "दादा, त्यात मी बसणार होते. तुम्ही हा वाचलासुद्धा नाही?"

"गाडीला गॅस लावायचा म्हणालासा," धैर्यशील पुटपुटला. "गॅस तर मला येतोय."

बघा, सगळा घात त्या एका शब्दानं केला. स्वयंपाकघरात गॅस, गाडीत गॅस, कटरला गॅस, आणि या बाटलीलाही शेठजींपासून सगळे गॅसच म्हणत होते. गॅसच्या किटात एकाच वेळी एकच इंधन चालवायचं असतं. गॅस सुरू केला की पेट्रोल तोडायचं असतं. धैर्यशीलनं तेच केलं, आणि अत्यंत सफाईनं केलं.

मान खाली घालून तो म्हणाला, "चुकलं माझं. पण चाचा, एवढ्यासाठी पाना जाळलासा? तोंडानं सांगितलं असतं तर कळलं असतं की."

आणि इथं चाचा खरे भडकले. आधीचा राग काहीच नव्हता.

"सात वरसं तोंडानंच सांगितलं, म्हणून तर ह्ये झालं! गॅस चालू, पेट्रोल बंद. ह्ये वाक्य कुणाचं? माझं! चुकलास की टाळक्यात टपली हाणून पाठ करून घेतलं. पहिल्याच वर्षी तू इचारलं हुतंस, 'असं का, चाचा?' काय म्हणालो म्या? 'सांगितलंय तेवढं कर.' परत तू इचारलं न्हाईस. हुकूम सोडत गेलो, कारण दिलं न्हाई. कटरची चावी आज बंद केली न्हवं? तशीच तुझ्या 'का'ची चावी म्या सात वरसं बंद ठेवली. पाना तुझ्यावरच्या रागानं जाळला न्हाई रं. त्यो पाना कुणाला द्यायची लायकीच न्हवती माझी."

एवढं बोलून ते स्टुलावर बसले.

माझा राग कुणावर, ते आता कळलं असेल. 'सांगितलंय तेवढं कर' म्हणणारे आम्ही सगळे. शाळेत आम्ही, घरात आम्ही, कचेरीत आम्ही. पोरानं 'का?' विचारलं की आमचा अपमान होतो. मग तेच पोर तिसाव्या वर्षी डोकं न चालवता आमचं वाक्य म्हणून दाखवतं, की आम्ही कपाळावर हात मारून घेतो, हल्लीच्या पोरांना विचारच करता येत नाही हो! अरे, येईल कुठून? मी स्वतः एकतीस वर्षं शिकवलं आणि किती हात वर आलेले खाली बसवले, हे आठवलं की झोपेतून उठून बसतो.

असो. ती शर्यत हुकली. शेठ पाय आपटत गेले आणि पंधरा दिवस फोनही उचलला नाही. इरावती मात्र रोज येत राहिली. ती तो इंग्रजी कागद मराठीत वाचून दाखवी, आणि धैर्यशील प्रत्येक ओळीवर थांबून विचारी, असं का? चाचा आपल्याला ठाऊक असेल ते सांगत. नसेल तिथं, "मला ठाव न्हाई, काढू हुडकून," म्हणत. हे वाक्य त्या गॅरेजात पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच बटणावर आले. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असेल तरच ते उघडावेत, अशी कळ पायाखाली बसली. पेट्रोलचा दाब उतरला तर बाटली आपोआप बंद व्हावी, ही सोय धैर्यशीलनं हट्टानं करायला लावली. "का?" असं या वेळी चाचांनी विचारलं, आणि त्यानं नीट समजावून सांगितलं.

वापरात नसलेल्या एका धावपट्टीची परवानगी काढून पहिली फेरी झाली. काम ज्यानं केलं, त्यानंच चालवायचं आणि चाचांनी शेजारी बसायचं. अर्ध्या वाटेवर धैर्यशीलनं बटण दाबलं. जीपनं अशी झेप घेतली की चाचांची टोपी मागं उडाली आणि त्यांच्या तोंडून एक कचकचीत शिवी निघाली. इंजिन शेवटपर्यंत खणखणीत वाजत राहिलं.

परत येऊन धैर्यशीलनं बॉनेट उघडलं. पेट्रोलच्या नळीचा एक नट किंचित सैल वाटला. नट चौदाचा होता. त्यानं पेटीतून तो अर्धा जळका पाना काढला, नट आवळला, पाना पुसला, फडक्यात गुंडाळला आणि पेटीत ठेवायला वळला.

"तिकडं कुठं ठेवतोस?" चाचा खेकसले.

"जिथला तिथं, चाचा."

"खिशात ठेव, मिस्त्री. आन् कुणी जळका का म्हणून इचारलं, तर हातातलं काम खाली ठेवून सांगायचं."