बेरियममध्ये बुडवलेली भाकरी

एकदा एका तालुक्याच्या गावी एका वयोवृद्ध क्ष-किरणतज्ज्ञांच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. नुकतीच डॉक्टर झालेली, बुद्धीनं तल्लख आणि म्हणूनच जरा घाईची. गुरुजींचा मात्र तिच्यावर पोटच्या मुलीसारखा जीव होता.

एके सकाळी गुळाचे व्यापारी भूपालअण्णा सुनेला, पद्मजाला, सोबत घेऊन आले. तक्रार एकच. “घास हितं अडतोय,” ते छातीवर बोट ठेवून म्हणाले. गोष्ट छातीपुरती राहिली नव्हती. सून घरात येऊन दीड वर्ष झालं, पण तिच्या हातची भाकरी अण्णांनी कधी पुरती संपवली नव्हती. चतकोर खायचे, भूक नाही म्हणायचे आणि ताक पिऊन उठायचे. सासऱ्यांना सून पसंत नाही, अशी घरादाराची खात्री पटली होती. मुलानं तर वेगळ्या बिऱ्हाडासाठी खोलीही बघून ठेवली होती.

शिष्येनं अण्णांना यंत्रासमोर उभं केलं आणि बेरियमचा पेला हातात दिला. क्ष-किरणांत हाडं दिसतात, अन्ननलिका दिसत नाही. हे खडू कालवल्यासारखं पांढरं औषध तिच्यातून उतरू लागलं, की तिची आकृती पडद्यावर उमटते. अण्णांनी तोंड वाकडं करून पेला रिकामा केला. औषध विनासायास जठरात पोचलं. शिष्येनं पुन्हा पाजलं, पुन्हा तेच.

“अण्णा, वाट मोकळी आहे. हे मनाचं दुखणं दिसतंय,” ती म्हणाली.

अण्णांची मान खाली गेली. दाराशी उभ्या पद्मजाचे डोळे भरून आले. शिष्येलाही वाईट वाटलं. पण पडद्यावर दिसतं ते खरं, असं तिनं स्वतःला बजावलं.

बाजूला बसून पडदा पाहणारे गुरुजी पद्मजाकडे वळले. “बाळ, डब्यात काय आणलंयस?”

“मामांना तपासणी झाल्यावर खायला. भाकरी आणि पिठलं.”

गुरुजींनी भाकरीचा एक तुकडा मोडला, बेरियममध्ये बुडवला आणि अण्णांपुढे धरला. “घ्या. घरी खाता तसं खा.”

शिष्या बघतच राहिली. तपासणीच्या खोलीत भाकरी! गुरुजींचं वय झालं की काय, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं.

तुकडा पडद्यावर खाली सरकत गेला आणि जठराच्या थोडा वर येऊन थबकला. अण्णांचा हात छातीवर गेला. “हितंच! हितंच बघा!” तुकड्याखाली अन्ननलिकेत एक अरुंद कडं स्पष्ट उमटलं होतं. पाण्याच्या दोन घोटांनंतर तुकडा कसाबसा उतरला.

“दुर्बिणीनं तपासून हे कडं रुंद करता येतं,” गुरुजी म्हणाले.

पद्मजा पुढे आली. “मामा, सांगायचं नाही होय?”

“काय सांगू? तुझी भाकरी गिळवत नाही म्हणू? तुला लागलं असतं, पोरी.”

“आणि न सांगता लागलं नाही?”

अण्णा हलकेच म्हणाले, “त्या खोलीवाल्याला नको म्हणून कळव.” पद्मजा पदरानं डोळे पुसत हसली.

दोघं गेल्यावर शिष्या ओशाळून म्हणाली, “गुरुजी, मी त्यांना खोटं ठरवलं.”

“अगं, त्यांनी तक्रार केली घासाची, आणि आपण पातळ औषध पाजून वाट मोकळी म्हणालो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! ज्याला जे अडतं, तेच उतरवून पाहावं.”

“मग नुसतीच भाकरी का नाही दिलीत?”

“नुसती भाकरी तुला-मला दिसलीच नसती. बेरियम हे आपलं शास्त्र आणि भाकरी हा त्यांचा अनुभव. दोन्ही एका घासात गेली, तेव्हा खरं काय ते दिसलं.”

इतक्यात पुढच्या आजी आत आल्या. शिष्येनं पेला उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली.

“आजी, काय खाल्लं की त्रास होतो, ते आधी सांगा.”

आजी सांगत गेल्या आणि शिष्या मध्ये न बोलता ऐकत राहिली.