गप्प बसणारा अँटीव्हायरस

तालुक्यापासून दीड तासावर एक गाव होतं, आणि त्या गावात मराठी टायपिंग करून देणारी एकच बाई होती. तिचं नाव कौतिका. लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सगळं तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर व्हायचं. हात भराभर चालायचा आणि चूक शोधून सापडायची नाही. खोट एकच. तिला दचकायची सवय होती. दाराची कडी वाजली तरी कपातला चहा बशीत यायचा. आणि ज्या गोष्टीने दचकायला व्हायचं ती गोष्ट नीट बघण्याऐवजी ती झाकून टाकायची. खरी खोट ही होती.

त्याच गावात सावळाराम गुरुजी राहत. नोकरीच्या काळात त्यांनी आजूबाजूची चाळीस गावं पायी पालथी घातली होती. जिथे जात तिथे एकच विचारत, या शेताला काय म्हणतात? सातबाऱ्यावर शेताला गट नंबर असतो, नाव नसतं. नाव म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतं, आणि ती माणसं एकेक करून चालली होती. 'घोडेपाणी', 'म्हातारीचा उंबर', 'सासूचा बांध', 'चुकलेली पट्टी', अशी दोन हजारांवर नावं आणि त्यांच्या हकिकती गुरुजींनी जमवल्या होत्या. वह्या होत्या, त्या वाळवीने खाल्ल्या. आता सगळं त्यांच्या डोक्यात होतं. डोळ्यांत काचबिंदू होता, आणि अलीकडे विसरायलाही होत होतं.

म्हणून रोज दुपारी गुरुजी कौतिकाकडे येऊन बसत. ते सांगत, ती टाइप करी. एका गावाची एक फाइल.

"लिही, 'भांडणाचं'," गुरुजी म्हणायचे.

"कुणाचं भांडण, गुरुजी?"

"दोन भावांचं. शेत गेलं तिसऱ्याला. भांडण मात्र अजून दोघांनी वाटून घेतलेलं आहे."

दीड वर्षात चौतीस गावं झाली. सहा उरली.

आता या कॉम्प्युटरची एक गोष्ट सांगायला हवी. गुरुजींचं काम सुरू होण्याच्या थोडं आधी, तालुक्याच्या मधू पत्रिकावाल्याने कौतिकाला एक पेन ड्राइव्ह दिला होता. त्यात एकशे वीस देखण्या अक्षरांचा, म्हणजे फॉन्टचा, संच होता. एरवी विकत घ्यावा लागणारा.

"वहिनी, तुमच्यासाठी फुकट," मधू म्हणाला होता. "फक्त बसवताना अँटीव्हायरस बंद ठेवा. तो उगाच ओरडतो."

माल असा फुकट कसा, हे कौतिकाला कळत नव्हतं असं नाही. पण पत्रिका फार सुंदर दिसत होत्या. संच बसवताना पडद्यावर लाल चौकट आली, ती दचकली, आणि तिने अँटीव्हायरस बंद करून टाकला. तो पुन्हा कधी सुरू केला नाही. पुढे गुरुजींची गावंही तिने त्याच अक्षरांत टाइप केली. या फॉन्टची एक अट होती. तो कॉम्प्युटरमध्ये असेल तरच मजकूर मराठी दिसायचा. नसेल तर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा कचरा.

त्या वर्षी लग्नसराईत कॉम्प्युटर बिघडला. बटण दाबलं की उत्तर यायला वेळ लागे. टाइप करता करता केसांच्या तेलाची जाहिरात आपोआप उघडे, आणि तीत एक बाई मोठ्याने हसे. कौतिका दर वेळी खुर्चीतून उडायची. कुणी न सांगताही तिला समजलं, आत व्हायरस शिरलाय. आता चांगला अँटीव्हायरस बघायचा आणि हा साफ करायचा, असं तिने ठरवलं.

पहिला अँटीव्हायरस तिने बसवला. त्याने दोन तास घेतले आणि लाल चौकटीत अकरा धोके दाखवले. यादीत सर्वांत वर होता फॉन्टचा संच. खाली विचारलं होतं, काढून टाकू का? कौतिका दचकली. तिने 'नाही' दाबलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी तिने अँटीव्हायरसच काढून टाकला.

दुसरा विचारतही बसला नाही. त्याने संच उचलून कोंडून ठेवला. कौतिकाने गुरुजींची फाइल उघडली तर 'घोडेपाणी'च्या जागी वाकड्यातिकड्या खुणा. तिने संच परत आणला आणि दुसऱ्यालाही बाहेर काढलं.

"दोघेही मूर्ख निघाले," ती गुरुजींना म्हणाली. "चोर राहिला बाजूला, माझ्याच संचावर उठलेत."

"एकमेकांना न ओळखणारे दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगताहेत, पोरी."

"गुरुजी, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय?"

"काही नाही. पण शाळेतली भांडणं तीस वर्षं सोडवली. साक्षीतलं कळतं."

कौतिकाने ते हसण्यावारी नेलं. त्याच दुपारी तेलाच्या जाहिरातीच्या जागी दुसरीच जाहिरात उघडली. हलका अँटीव्हायरस, फुकट, कटकट नाही. तिने तो घेतला. त्याने दहा सेकंदांत कॉम्प्युटर तपासला आणि मोठी हिरवी खूण दाखवली. 'तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे.' संचाबद्दल अवाक्षर नाही. हसणारी बाईही बंद झाली.

"बघा," कौतिका म्हणाली. "याला म्हणतात अँटीव्हायरस."

नवव्या दिवशी आडगावची फाइल उघडेना. तिने तीनदा प्रयत्न केला. दहाव्या दिवशी आणखी दोन गावं गेली. हिरवी खूण जागच्या जागी होती. बाराव्या दिवसापर्यंत सात गावं गेली, आणि तिच्याकडे कशाचीही दुसरी प्रत नव्हती.

दुपारी गुरुजी काठी टेकत आले आणि नेहमीच्या जागी बसले. कौतिकाच्या तोंडून निघून गेलं, "आज काम नाही होणार, गुरुजी. वीज नाही."

गुरुजींनी मान वर करून कान दिला. मग म्हणाले, "मग वर पंखा कोण फिरवतंय?"

तिने मान खाली घातली. गुरुजींनी पुन्हा विचारलं नाही. "उद्या येतो," म्हणाले, आणि काठीने पायरी चाचपत उतरून गेले.

कौतिका पंख्याखाली बसून राहिली. एवढ्या माणसाने एवढी वर्षं जपलेली गावं तिच्या हातात दिली होती. ती गावं रोज दोन-तीन करून चालली होती, आणि ती पंखा झाकायला बघत होती. तिने उठून आधी इंटरनेटची वायर काढली. मग कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला आणि दुपारच्या एसटीने तालुका गाठला.

तिथे लतीफभाई होते. पूर्वी रेडिओ दुरुस्त करत, आता कॉम्प्युटर करत. बोलणं मोजकं. त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला, थोडं इकडेतिकडे पाहिलं आणि हिरव्या खुणेवर बोट ठेवलं.

"ताई, हा अँटीव्हायरसच नाही. हे चित्र आहे. हा काही तपासत नाही. ज्याने चोर पाठवला त्यानेच हाही पाठवलाय."

कौतिका त्या हिरव्या खुणेकडे बघत राहिली.

"हा तुम्ही निवडलात कशावरून?" लतीफभाईंनी विचारलं.

कुणीतरी बसवून दिला, असं सांगता आलं असतं. उत्तर जिभेवर तयारही होतं. तिने ते गिळलं.

"तो गप्प बसायचा म्हणून," ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. मधूचा पेन ड्राइव्ह, बंद केलेला अँटीव्हायरस, हाकलून दिलेले दोघे, उघडत नसलेली सात गावं. सांगताना तिचा आवाज दोनदा फाटला, पण ती थांबली नाही.

लतीफभाईंनी चष्मा काढून पुसला. "ज्याला तुमच्या घरातला चोरीचा माल खटकत नाही, त्याला चोर तरी का खटकावा?"

"आता कुठला घेऊ?"

"पहिला. तो चांगला होता. पण कुणाच्या पेन ड्राइव्हमधला नको, ज्या कंपनीने बनवला तिच्या स्वतःच्या साइटवरून घ्यायचा. आणि एकच. दोन ठेवले तर ते एकमेकांवरच गुरगुरत बसतात."

"तो संच काढायला लावेल."

"लावेलच. चोर त्या संचातूनच आत आलाय. दोघं असे एकत्र शिवलेले आहेत की मला उसवता येणार नाहीत."

"संच गेला की उरलेली सत्तावीस गावंही वाचता येणार नाहीत."

"नाही येणार," लतीफभाई म्हणाले. "आणि संच ठेवलात तर आठवड्याभरात उघडणार नाहीत. काय ते तुम्ही ठरवा."

कौतिकाने ठरवायला फार वेळ घेतला नाही. "तुमचा प्रिंटर चालू आहे का?" तिने विचारलं.

ती दोन दिवस तालुक्याला मावशीकडे राहिली आणि सत्तावीस गावं कागदावर काढली. शेवटचं पान हातात आल्यावर लतीफभाईंनी पहिला अँटीव्हायरस पुन्हा बसवला. दोन तासांनी तीच लाल चौकट आली. यादीत सर्वांत वर तोच संच. काढून टाकू का? कौतिका दचकली. दचकतच तिने 'हो' दाबलं. तिच्या सगळ्या जुन्या पत्रिका त्या क्षणी कचरा झाल्या.

गावी परतल्यावर ती घरी न जाता आधी गुरुजींकडे गेली.

"सात गावं गेली, गुरुजी. माझ्यामुळे गेली. आणि त्या दिवशी वीज होती."

"विजेचं मला माहीत आहे," गुरुजी म्हणाले. "सात कुठली, ते सांग."

तिने नावं सांगितली. गुरुजींनी डोळे मिटले आणि लगेच सुरुवात केली, जणू उशीर झाला तर हीही निसटतील. पाच गावं त्यांनी जवळजवळ पूर्ण सांगितली. सहाव्यात अडखळले. आडगावला तर नदीकाठच्या निम्म्या शेतांवर येऊन थांबले. बराच वेळ ओठ हलत राहिले. "इथे एक नाव होतं," ते म्हणाले. "फार गमतीचं होतं. तू हसली होतीस."

कौतिकाला हसल्याचं आठवत होतं. नाव आठवत नव्हतं.

ती वही घेऊन त्या दोन गावांना गेली. अनोळखी दारांच्या कड्या वाजवल्या, अनोळखी कुत्री अंगावर आली, तरी गेली. नंबर कशाला हवाय, कुठल्या खात्याकडून आलात, असं लोक विचारायचे. "नंबर नको, नाव सांगा," ती म्हणायची. चार खेपा झाल्या. बहुतेक नावं मिळाली. आडगावची तीन मिळाली नाहीत. ती सांगणारं आता कुणी राहिलं नव्हतं.

मग तिने सत्तावीस गावं कागदावरून पुन्हा टाइप केली. या वेळी साध्या अक्षरांत, जी कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसतात. राहिलेली सहा गावंही गुरुजींकडून उतरवून घेतली. दर शनिवारी एक प्रत ती लतीफभाईंकडे पाठवू लागली. लग्नपत्रिकाही त्याच साध्या अक्षरांत निघू लागल्या. काही गिऱ्हाइकं तुटली.

मधू पत्रिकावाला एकदा पत्रिका उलटसुलट करून म्हणाला, "वहिनी, ही पत्रिका आहे की रेशनकार्ड?"

"वाचता येते ना?" कौतिका म्हणाली. "मग लग्न लागेल."

वर्षाने पुस्तकाची कच्ची प्रत तयार झाली. कौतिका ती गुरुजींना पहिल्यापासून वाचून दाखवू लागली. आडगाव आलं. नदीकाठची शेतं आली. मग ती क्षणभर थांबली.

"इथे तीन ओळी कोऱ्या सोडल्यात," ती म्हणाली. "खाली मी एक टीप टाकली आहे. वाचू?"

"वाच."

"'येथे तीन शेतांची नावे होती. टाइप करणारीच्या चुकीने ती गेली. कोणास ठाऊक असल्यास कळवावे. कौतिका.'"

गुरुजींनी हातातली काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "अगं, पुस्तक छापून जाणार. गावोगाव जाणार. तो 'चुकीने' शब्द काढून टाक. नावं मिळाली नाहीत, एवढं पुरे."

"नाही काढणार, गुरुजी," कौतिका म्हणाली, आणि पुढचं गाव वाचू लागली.

तात्पर्य: जो आपल्या चुकीवर गप्प बसतो, तो चोरावरही गप्पच बसतो. म्हणून राखणदार निवडताना, आपल्याला टोचेल ते तोंडावर सांगणाराच निवडावा, आणि त्याने सांगितलं की दचकलो तरी ऐकावं.