शास्त्रीबुवांची बाभूळ

राजाची चंदनाची बाग वाळली ती राजगुरू त्र्यंबकशास्त्र्यांमुळे. बुवांचं वय ऐंशी. तेव्हा त्यांचं चुकतं असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. केस पिकले की अक्कलही पिकते, अशी दरबाराची समजूत.

दिवाळीत बुवा बागेत फिरायला गेले आणि चंदनाला खेटून उभ्या बाभळी बघून त्यांनी उपरण्याने नाक झाकलं. देवाच्या कपाळी चढणारं झाड, आणि शेजार असल्या काटेरी, हलक्या जातीचा! उपटा त्या! राजा रणधवलाने मान डोलावली. दरबाराने त्याच्याहून जोरात डोलावली. लखू माळी नको नको म्हणत राहिला, पण माळ्याला कोण विचारतो? बाभळी मुळासकट उपटल्या.

चैत्र उजाडला तशी चंदनं सुकत चालली. बुवांनी कारणही लगेच शोधलं: माळ्याची नजर वाईट. लखूची रवानगी कोठडीत झाली. त्याची लेक सगुणी दाद मागायला आली, बाभळी गेल्या म्हणून चंदनं सुकली म्हणाली, तेव्हा राजाने फर्मावलं की पंधरा दिवसांत याच गावच्या मुरमात एक तरी चंदन हिरवंगार दाखव. त्यासाठी नवी बाभूळ लावायची नाही. नाही जमलं तर बापलेकींनी वेस ओलांडायची, पुन्हा फिरकायचं नाही.

चौदा दिवस सगुणीने एक घागर पाणी ओतलं नाही. नुसती गावभर हिंडली. पंधराव्या दिवशी म्हणाली, "चला महाराज. कुदळवाले दोघे घ्या बरोबर."

वरात थांबली ती थेट शास्त्रीबुवांच्या परसात. तिथे एक चंदन पानापानाने डवरलेलं!

बुवा फुलले. "माझ्या पूजेचं तीर्थ रोज याच्या बुडाशी पडतं. पुण्याई लागते, पोरी."

"आणि बुवा, शेजारी उभी आहे ती कोण?"

ती बाभूळ होती. बुवांना खोकला आला. तोंडात दात उरले होते चार, पण रोज सकाळी बाभळीची काडी लागायचीच. म्हणून स्वतःपुरती एक राखली होती.

सगुणीने खणायला लावलं. वासरू कासेला लुचतं तसं चंदनाचं मूळ बाभळीच्या मुळाला चिकटलेलं. तिने राजाला खड्ड्यात वाकून बघायला लावलं. पावसाळ्यात ओल वरच असते, तेव्हा चंदनाचं कसंबसं भागतं, ती सांगत होती. उन्हाळ्यात मुरूम तापतो, पाणी खोल जातं. तिथवर बाभळीचं मूळ पोचतं, चंदनाचं नाही. मग ते शेजारणीचं पिऊन जगतं.

"चंदन बाभळीचं उष्टं पितं?" बुवा कडाडले. "असलं बाटलेलं चंदन मी कपाळाला लावीन काय? हे माझ्या तीर्थावर वाढलंय!"

"मग तोडू या की बाभूळ," सगुणी म्हणाली. "तीर्थ आहेच. चंदन जगलं, तर आम्ही आजच वेस ओलांडतो."

राजाने कुऱ्हाड मागवली. कुऱ्हाड आली, तसे बुवा ऐंशी वर्षांचे गुडघे विसरून धावले आणि बाभळीला मिठी मारून उभे राहिले. काटे टोचले तरी सोडेनात. "तोडू नका हो! उद्या दात कशाने घासू?"

"बघा महाराज," सगुणी म्हणाली. "यांच्या चार दातांना बाभूळ सोडवत नाही. चंदनाचं तर अख्खं पोट तिच्यावर."

राजा हसता हसता खड्ड्याच्या कडेला बसला. मग दरबार हसला, अर्थात त्याच्याहून जोरात. दिवाळीत मान कुणी डोलावली होती, हे कुणी काढलं नाही.

लखू त्याच दुपारी सुटला. सगुणीला सगळी बाग इनाम मिळाली, आणि तिने पहिल्याच पावसात तीत शंभर बाभळी लावल्या. बुवांना राजाने त्यांच्याच शब्दात धरलं: बाटलेलं चंदन लावणार नाही म्हणालात ना, मग नका लावू.

शास्त्रीबुवांची राजगुरूची गादी गेली. पुढची सहा वर्षं, मरेपर्यंत, त्यांचं कपाळ कोरडं राहिलं.