सुभेदाराचं ‘कम ऑन’

गोऱ्या साहेबाच्या फौजेतून सुटलेलं एक खेचर कुंभाराच्या घरी आलं, तेव्हाची ही गोष्ट. सगळे त्याला सुभेदार म्हणत. एका संध्याकाळी पाठीवर मडकी घेऊन परतताना ते ओढ्याच्या काठावर बसलं, ते उठेचना. पाणी चढत होतं. कुंभार मागून काठी आपटून दमला. सोबतची गाढवी भुंडी रडकुंडीला आली. तिचं शिंगरू पलीकडे एकटंच होतं.

“काय म्हटलं की उठतोस रे बाबा?” तिनं सुभेदाराला विचारलं.

“फौजेत ‘कम ऑन’ म्हणायचे.”

भुंडी त्याला मागून ढुशी देत खच्चून ओरडली, “कम ऑन!” सुभेदाराचा कानही हलला नाही.

“शब्द तोच गं,” तो म्हणाला, “पण आमचा शिपाई पुढं होऊन म्हणायचा.”

भुंडी पाण्याला जन्माची भ्यायची. तरी ती पोटापर्यंत पाण्यात उतरली आणि मान वळवून कापऱ्या आवाजात म्हणाली, “कम ऑन.”

सुभेदार ताडकन उठला. त्याची शेपटी धरून कुंभारही पार झाला. शिंगरू येऊन बिलगलं, तेव्हा भुंडीचा जीव भांड्यात पडला.

“एवढंच होतं होय?”

“एवढंच,” सुभेदार कान झटकत म्हणाला. “फक्त म्हणणाऱ्याचे पाय आधी भिजावे लागतात.”