उदासीन

“भन्ते, शुद्ध पाणी आम्ल असतं की अल्कली?”

विहारात टेकता टेकताच प्राध्यापक हंसराज रंगारींनी विचारलं. ते शहरातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. ध्यानाला बसायला मात्र तरुणपणी याच म्हाताऱ्या भिक्खूंजवळ शिकले होते.

उत्तराची वाट न पाहता तेच पुढे म्हणाले,

“दोन्ही नाही. उदासीन. ते कोणाच्याच बाजूचं नसतं. तुम्ही शिकवलेला समभाव तो हाच ना? चौकशीत मी तोच पाळला.”

चौकशी होती विहारामागच्या वस्तीतल्या विहिरीची. कारखान्याचं सांडपाणी झिरपून पाणी आंबट लागू लागलं, पोरांची तोंडं आली. कौसाबाईंनी तक्रार केली. नमुना रंगारींनीच तपासला. समितीपुढे मात्र ते म्हणाले की मी शास्त्रज्ञ आहे, बाजू घेणं माझं काम नाही. एवढं बोलून ते खाली बसले. पुरावा नाही म्हणून तक्रार निकालात निघाली.

“असं शुद्ध पाणी कुठे असतं?” भन्तेंनी विचारलं.

“प्रयोगशाळेत. बाटलीत, झाकण घट्ट लावून.”

“झाकण काढलं तर?”

रंगारी जरा अडखळले.

“हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं. थोडं आम्ल होतं.”

“नुसत्या हवेनं?”

“हो.”

भन्तेंनी चष्मा काढला, चिवराच्या टोकाला पुसला.

“आणि विहिरीचं?”

“आम्ल...” मग घाईघाईने ते सांगू लागले की आकडा वहीत लिहून ठेवला आहे, समितीने विचारला असता तर लगेच सांगितला असता.

“विचारला नाही त्यांनी.”

“नाही...”

कारखान्याकडून आपण एक पैसाही घेतला नाही, हे रंगारींनी दोनदा सांगितलं.

“माहीत आहे,” भन्ते म्हणाले. “घेतला असतास तर निदान कारण तरी कळलं असतं.”

रंगारींची मान खाली गेली. आता काय करू, असं त्यांनी हळूच विचारलं.

भन्ते उठले. मागचं दार उघडून त्यांनी वस्तीकडे हात केला.

“ते कौसाबाईंचं घर. समितीपुढे त्या नव्हत्या; तू त्यांच्यासाठी बोललास असं त्यांना अजून वाटतं. वस्तीला दुसरी विहीर नाही... गेलास की आधी पाणी देतील. नाही म्हणू नकोस.”