उतारावरचा शब्द

फार फार वर्षांपूर्वी, इस्राएलाचे बारा वंश कनान देशात नुकते स्थिरावले होते, तेव्हाची ही गोष्ट. यार्देन नदीच्या पश्चिमेला एफ्राइम वंशाचे लोक राहत आणि पूर्वेला गिलादचे. दोघांचा मूळपुरुष एकच, योसेफ. देव एक, सण एक, भाषाही एक. फरक म्हणाल तर एवढाच, की एफ्राइमच्या लोकांना 'श' म्हणता येत नसे. त्यांच्या तोंडी त्याचा 'स' होई.

गिलादमधल्या एका गावात अबीशूर नावाचा मेंढपाळ होता. त्याची बायको तिर्सा नदीपलीकडची, एफ्राइमची. ती त्याला 'अबीसूर' म्हणायची. कापणीच्या दिवसांत तो मुद्दाम एक कणीस तिच्यासमोर धरायचा आणि विचारायचा, "याला काय म्हणतात गं?"

कणसाला त्यांच्या भाषेत शिब्बोलेथ म्हणत. ती म्हणायची, "सिब्बोलेथ!" मग तो पोट धरून हसायचा. तीही हसायची आणि हातातली कणसं त्याच्या अंगावर फेकायची.

तिर्साला मुलगी झाली. नातीला पाहायला तिचे म्हातारे वडील नदी ओलांडून आले. ते आले आणि त्याच दिवसांत दोन्ही वंशांत भांडण पेटलं. कारण काय, तर शत्रूशी लढायला गिलादनं आम्हाला बोलावलं नाही, म्हणून एफ्राइमचे लोक रुसले. रुसव्याचा राग झाला आणि रागातून लढाई. एफ्राइमचं सैन्य नदी ओलांडून चालून आलं. त्या लढाईत अबीशूरचा धाकटा भाऊ मारला गेला.

शेवटी गिलादची सरशी झाली. हरलेले एफ्राइमी जीव घेऊन घराकडे पळू लागले. पण यार्देन वाटेल तिथे ओलांडता येत नाही. जिथे पाणी गुडघाभर असतं, त्या उतारावरूनच पलीकडे जावं लागतं. गिलादच्या लोकांनी ते उतार रोखले. पण माणूस ओळखायचा कसा? चेहरे सारखे, कपडे सारखे. धरलेला प्रत्येक जण म्हणे, "मी गिलादचाच आहे!"

सरदार वैतागून गेला. तेव्हा अबीशूर पुढे झाला. भावाला मूठमाती देऊन तो थेट इथे आला होता.

"सरदार, त्यांना 'शिब्बोलेथ' म्हणायला सांगा," तो म्हणाला. "त्यांना ते जमत नाही."

"तुला कसं ठाऊक?"

"ठाऊक आहे." बायकोचं नाव त्यानं काढलं नाही.

तो शब्द सगळ्या उतारांवर पोहोचला. येणाऱ्याला थांबवायचं, शब्द म्हणायला लावायचा. 'सिब्बोलेथ' म्हणाला की तिथेच कापून काढायचा. पहिल्या दिवशी अबीशूरला वाटलं, भावाचा सूड उगवला. मग तो समोरच्यांची तोंडं पाहू लागला. कुणी ओठ चावत होता, कुणी डोळे मिटून मनातल्या मनात शब्द घोकत होता. प्रत्येकाच्या तोंडून शेवटी तिर्साचाच 'स' बाहेर पडे. अबीशूरचं अन्न तुटलं. पण त्याच्याकडून निघालेला शब्द आता त्याच्या हातात राहिला नव्हता.

एका भर दुपारी काठी टेकत एक म्हातारा उताराकडे आला. खांद्यावर गाठोडं होतं. बाकीचे घाबरत येत, हा मात्र अबीशूरला पाहून हसला.

"अबीसूर, बाळा! बरा भेटलास. तिर्साच म्हणाली, बाबा, उतारावर तुमचा जावई आहे, तो हाताला धरून पार करून देईल, निर्धास्त जा."

सरदारानं मान वळवली. "अबीसूर?" त्यानं सावकाश विचारलं. "काय रे, तुझ्या ओळखीचा आहे हा?"

अबीशूरला म्हणता आलं असतं, की हे माझे सासरे आहेत. यांनी हातात तलवार धरली नाही, हे नातीला पाहायला आले होते. पण आदल्याच दिवशी एकानं आपल्या मेहुण्यासाठी गयावया केली होती, तेव्हा सरदारानं त्यालाही मेहुण्याशेजारी उभं करून कापलं होतं. अबीशूरचे ओठ उघडले नाहीत. तो खाली पाण्याकडे पाहत राहिला.

म्हाताऱ्यानं जावयाकडे पाहिलं, वाळूत पडलेल्या प्रेतांकडे पाहिलं. सगळं त्याच्या ध्यानात आलं.

"नाही, सरदार," तो म्हणाला. "माझी नजर अधू झालीय. माणूस चुकला. हा तुमचा माणूस आहे, मी याला ओळखत नाही."

"मग म्हण, शिब्बोलेथ."

म्हाताऱ्यानं गाठोडं खाली ठेवलं आणि जसा येत होता तसा तो शब्द म्हटला.

संध्याकाळी अबीशूर सासऱ्यांचं प्रेत खांद्यावर घेऊन घरी गेला. तिर्सा दारातच होती. वडिलांचा हात लोंबताना दिसला आणि ती खाली बसली. तिनं विचारलं, "तुम्ही तिथे नव्हता का?"

"होतो."

"मग?"

"मी काही बोललो नाही. आणि तो शब्द... तो मीच सांगितला होता."

तिर्सानं आकांत केला नाही. वडिलांना पुरलं, आणि उतार मोकळे झाल्यावर मुलीला पाठीशी बांधून ती माहेरी निघून गेली.

पुढच्या वर्षी अबीशूर तिला आणायला गेला. तिनं त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं, भाकरी दिली. मुलगी चालायला लागली होती. परक्या माणसाला पाहून ती आईच्या मागे लपली.

"घरी चल," अबीशूर म्हणाला. "तुझा राग मला कळतो."

"राग आता उरला नाही," तिर्सा म्हणाली. "पण बाबांना मी तुमच्यावर विसंबून पाठवलं होतं. आता मी कुणावर विसंबून येऊ?"

भाकरी तशीच ठेवून तो उठला. नदी ओलांडून एकटाच परत आला, आणि त्यानंतर तो पलीकडे कधी गेला नाही.

तात्पर्य एवढंच: आपल्या माणसाच्या ज्या वेगळेपणावर आपण माया केली, त्याचंच द्वेषाच्या भरात शस्त्र केलं, तर ते आधी आपल्याच घरावर चालतं. आणि बोलायच्या वेळी जो गप्प राहतो, त्याला मागाहून बोलून काही परत मिळत नाही.