फुटकं बोलणं ओळखणारं मडकं

एकदा काय झालं, एका राजाच्या गावातलं तळं नासलं. पाणी काळं झालं. घोटभर प्यायलं तरी पोटात ढवळायचं. राजा तसा वाईट नव्हता, पण स्वतः उठून काही बघायचा नाही. कारभारी सांगेल तेच खरं धरायचा.

कारभारी म्हणाला, "महाराज, हे त्या भिवरा कुंभारणीच्या आव्यामुळे झालं. तळ्याकाठी भट्टी लावून मडकी भाजते ना ती!"

राजाने हुकूम सोडला. दिवस मावळायच्या आत भिवराचा आवा मोडायचा आणि भिवराने गाव सोडायचं.

आता बघा बरं का, भिवराच्या घरी म्हातारी सासू होती. तिला दोन पावलंही चालता येत नव्हती. तिला घेऊन ती कुठे जाणार? पण भिवरा रडली नाही. तिला राग आला. एवढा राग आला, की हातातला चिखल तिने भिंतीवर फेकला. मला तर हे सांगतानाही राग येतो.

इतक्यात दारात एक कासव आलं. तळ्यातलं म्हातारं कासव. घाण पाण्याने बिचाऱ्याचे डोळे सुजले होते. ते म्हणालं, "बाई, माझ्या पाठीवर हजार वर्षांची माती आहे. तिचं मडकं कर. समोर कुणी बोललं, की मडकं वाजवून बघ. बोलणं धड असेल तर ठण्ण वाजेल. फुटकं असेल तर भद्द वाजेल."

भिवराने माती खरवडून घेतली. हात लागताच ती तापली. चाकावर फिरवली, आणि मडकं भाजूनच खाली उतरलं! मग ते कडेवर घेऊन ती तरातरा राजवाड्यात गेली. मागून सगळं गाव गेलं. मडकं बोलणं कसं ओळखतं, ते तिने सगळ्यांना सांगितलं.

राजा म्हणाला, "कारभारी, हिच्यासमोर सांगा."

कारभाऱ्याने मिशा सारख्या केल्या. "सोमवारी हिने आवा पेटवला. मंगळवारी पाणी नासलं. म्हणजे आव्यानेच नासलं."

भिवराने बोटाच्या पेराने मडकं वाजवलं. भद्द!

"महाराज," भिवरा म्हणाली, "बारा वर्षं मी दर सोमवारी आवा पेटवते. मग पाणी याच मंगळवारी का नासलं? आणि याच मंगळवारी तुमच्या घोडीला शिंगरू झालं. तेही माझ्याच आव्याने झालं का?"

लोक हसले. कारभारी लाल झाला.

"ही बाई कोण, ते तरी विचारा!" तो ओरडला. "सगळ्या आळीशी भांडते. तोंडाची फटकळ. हिचं काय ऐकायचं?"

मडकं वाजलं. भद्द!

"भांडते मी," भिवरा म्हणाली. "ही शेजारची येसू तेलीण उभी आहे, तिला विचारा. काल सकाळीच भांडले. पण माझ्या भांडण्याने तळं नासतं का? माझं तोंड बघू नका. मी म्हणते ते खरं की खोटं, तेवढं बघा!"

मग काय झालं? कारभाऱ्याने हातातली काठी उचलली आणि मडक्यावर घातली. खळ्ळकन तुकडे झाले. बोलणं टिकेना, म्हणून काठी! असली माणसं असतात, बरं का.

"आता ऐका रे सगळे!" तो गरजला. "जो या बाईच्या बाजूने, तो राजाच्या विरुद्ध. बोला, राजा हवा की कुंभारीण?"

सगळ्यांच्या माना खाली. मडकं तर फुटलेलं. खिडकीतून दिसत होतं, सूर्य पार खाली आला होता.

भिवराच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. "अरे, मडकं फुटलं," ती म्हणाली. "तुमचे कान फुटले का? बाजारात दोन पैशांचा रांजण चार वेळा वाजवून घेता. आणि हे न वाजवता घेणार?"

मग येसू तेलीण पुढे आली. तीच, कालच भांडलेली.

"महाराज, हिचं माझं पटत नाही," येसू म्हणाली. "उद्याही भांडेन मी हिच्याशी. पण मला राजाही हवा आणि ही बयाही हवी. दोघांतलं एकच का म्हणून निवडायचं? कुणी ठरवलं?"

मागून एक म्हातारा तोंडानेच म्हणाला, "भद्द!" मग दुसरा म्हणाला. मग सगळा राजवाडा ओरडला, "भद्द! भद्द!"

राजाने हात वर केला. "मग पाणी नासलं कशाने?"

"मला ठाऊक नाही," भिवरा म्हणाली. "उगाच कुणाचं नाव घेणार नाही. बघायला चला."

राजा पहिल्यांदाच उठला आणि तळ्यात येणाऱ्या ओढ्याने वर चालत गेला. एक वळण झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्या वळणावर नाकाला पदर लावायची वेळ आली. ओढ्यात तागाच्या पेंढ्याच पेंढ्या! दोर काढायला ताग कुजवावा लागतो, बरं का, पण त्याला लोक गावाबाहेरचं डबकं वापरतात. पिण्याच्या पाण्यात कुणी घालत नाही.

"ताग कुणाचा?" राजाने विचारलं.

तागाजवळ बसलेला राखणदार चाचरत म्हणाला, "कारभारीसाहेबांचा. डबकं लांब पडतं म्हणाले."

राजाने कारभाऱ्याची पगडी काढून घेतली. त्याला गुडघाभर घाणीत उतरवलं. एकेक पेंढी त्यानेच बाहेर काढायची आणि त्यानेच डबक्यापर्यंत वाहायची.

मग राजा भिवराला म्हणाला, "बाई, चुकलं माझं."

"चुकलंच," भिवरा म्हणाली. "माझी म्हातारी सकाळपासून दाराकडे बघत बसली आहे. तिला जाऊन सांगा."

आणि राजा गेला. म्हातारीच्या खाटेजवळ खाली बसला आणि म्हणाला, "आजी, तुम्हाला कुठेही जायचं नाही." तेव्हा कुठे म्हातारीने दोन घास खाल्ले.

महिन्याभरात तळं निवळलं. सगळी सुखात राहिली. भिवराचा राग मात्र आठ दिवस गेला नाही, आणि कुणी तिला तो सोड म्हणालं नाही.

चला, आता पाय पोटाशी घ्या, डोळे मिटा. झोपा माझी बाळं.